बिनचूक लागलेले लग्न

माझ्या मुलीच्या लग्नात एकही चूक झालेली नव्हती, हे मी धर्मपंचांसमोर कागदोपत्री सिद्ध केले आणि तिच्या सुटकेचा एक दरवाजा माझ्याच हाताने बंद केला. हे कसे घडले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडून बोलण्याची मला सवय नाही.

मी तंत्रनिकेतनात शिकलो, पस्तीस वर्षे बॉयलरच्या कारखान्यात तपासनीस होतो. आता घराखालच्या खोलीत मापयंत्रे दुरुस्त करतो: मायक्रोमीटर, व्हर्नियर, दाबमापक. आम्ही ज्यू आहोत. आमच्या गावात आमची घरे इतकी थोडी की कुणाच्या घरी शिंक आली तरी सगळ्यांना कळते.

सरकारी न्यायालयाने माझ्या मुलीला घटस्फोट दिला त्याला तीन वर्षे झाली. जावयाचे चष्म्याचे दुकान आहे. दुकानात कामाला असलेल्या बाईबरोबर त्याने वेगळे घर केले, तेव्हा मुलगी न्यायालयात गेली आणि तिला न्याय मिळाला. परंतु आमच्या धर्मशास्त्रात न्यायालयाच्या शिक्क्याने लग्न सुटत नाही. नवऱ्याने स्वखुशीने सोडचिठ्ठी लिहवून घ्यायची आणि बायकोच्या हातात ठेवायची. तेव्हाच ती मोकळी. त्याने ती दिली नाही तर ती मरेपर्यंत त्याची बायको. बायकोने नवऱ्याला सोडचिठ्ठी द्यावी अशी सोयच नाही.

आता पुढचे वाचताना रक्त तापले तर दोष माझा नाही. त्या दुसऱ्या बाईपासून जावयाला दोन वर्षांची मुलगी आहे. ती बाई अविवाहित होती, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने त्या मुलीवर कसलाही डाग नाही. परंतु माझ्या मुलीने सोडचिठ्ठीशिवाय दुसरा संसार मांडला आणि तिला मूल झाले, तर ते मूल कायमचे डागाळलेले; समाजात त्याचे लग्न होणार नाही, आणि त्याच्या मुलांचेही नाही. एकच गोष्ट, दोघांनी केली तर दोन निकाल. माझ्या कारखान्यात एकाच बॉयलरला दोन मापे लावणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतले नसते.

मुलगी छत्तीस वर्षांची आहे. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शेजारच्या शहरात भूमापन खात्यात एक विधुर आहे. सज्जन आहे, शास्त्र पाळणारा आहे, दोन वर्षे थांबला आहे. तिला मूल हवे आहे. ती हे बोलून दाखवत नाही, पण तिला वय मोजता येते आणि मलाही.

म्हणून आम्ही दोघे बसने दोन तास प्रवास करून मोठ्या शहरात धर्मपंचांकडे गेलो.

दुसऱ्या मजल्यावरची खोली, तीन पंच, लांब टेबल, भिंतीला लागून पुस्तकांची कपाटे. मधले पंच सर्वांत वृद्ध होते आणि तेच बोलत होते. मी टेबलाजवळ बसलो. मुलीला माझ्यामागे खुर्ची दिली. खटला तिचा, पण खुर्ची मागे.

"लग्नाचे साक्षीदार दोन होते?" पंचांनी विचारले.

"दोन. एक बेकरीवाले, एक दंतवैद्य. दोघंही शनिवारचा शब्बाथ काटेकोर पाळणारे."

"नवऱ्याचे किंवा तुमचे नातेवाईक? लांबचे असले तरी चालेल. आठवून सांगा. चुलत, मावस, बायकोकडून कुणी?"

मी फाइल उघडली. लग्नाच्या वेळी मी स्वतंत्र फाइल केली होती, विषयवार, क्रमांक घालून. "हा दोन्ही घरांचा वंशवृक्ष. आणि हे साक्षीदारांचे. चार पिढ्या मागेपर्यंत पाहिलंय. कुठंही नातं जुळत नाही."

पंचांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "अंगठी? पुष्कळदा घाईत आईची नाहीतर भावाची आणतात. नवऱ्याच्या मालकीची नसली तर…"

"छे, छे! त्याच्या नावची पावती आहे. ही बघा. खडा नाही, नक्षी नाही, सोनं तपासून घेतलं होतं."

"बरं. पण साक्षीदारांनी अंगठी घालताना प्रत्यक्ष पाहिली का? अशा वेळी गर्दी असते. फोटोवाला मध्ये येतो, एखादी आत्या पुढे घुसते."

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. मी घडी घातलेला आराखडा टेबलावर पसरला. "ही उभं राहण्याची जागा. वर, वधू, त्यांच्यावरचं छत, आणि हे दोन साक्षीदार. तुटक रेघा म्हणजे त्यांची नजर. फोटोवाल्याला मुद्दाम या बाजूला ठेवला होता. आत्याला तर मी खुर्चीवरून उठूच दिलं नाही."

धाकट्या पंचाने मान खाली घातली. वृद्ध पंचांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारले, "तुम्ही काय काम करायचात?"

"तपासनीस होतो. बॉयलरचा."

"इतकं चोख काम कशाला केलंत हो?"

मला ती शाबासकी वाटली. हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी म्हणालो, "उद्या कुणी या लग्नाला नाव ठेवू नये म्हणून."

मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, फाइल मिटा."

मग पंचांनी समजावून सांगितले. साक्षीदारांपैकी एक जरी अपात्र निघाला असता, अंगठी उसनी असती, एखाद्याची नजर त्या क्षणी दुसरीकडे गेलेली असती, तर हे लग्न लागलेच नव्हते असा निर्णय त्यांना देता आला असता. लग्न नाही तर सोडचिठ्ठीही नको. मुलगी त्याच दुपारी मोकळी झाली असती. तो म्हातारा माणूस तासभर माझ्या मुलीसाठी भिंतीत एक फट शोधत होता, आणि मी त्याला प्रत्येक विटेचे प्रमाणपत्र दाखवत होतो.

"आता उपाय?" मी विचारले.

"त्यानं द्यायला हवी. स्वखुशीनं. मारून, धमकावून घेतलेली सोडचिठ्ठी आम्ही रद्द धरतो."

"बळजबरी नको, समजलं. मग तो तिच्यावर करतोय ती काय?"

"ती शास्त्रात बळजबरी होत नाही. तो काही करत नाहीये. तो फक्त देत नाहीये."

हे वाक्य त्यांनी निर्लज्जपणे उच्चारले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. त्यांना ते उच्चारताना त्रास झाला. पण वाक्य तेच राहिले.

मी विचारले, "मग दुसऱ्या कुणी त्याला काही दिलं नाही, तर ती बळजबरी होते का?"

वृद्ध पंच म्हणाले, "शेकडो वर्षांपूर्वीच्या एका पंडितांचं मत आहे. अशा माणसाला बोट लावू नका, पण त्याच्यावर उपकार करायला कुणी बांधील नाही. त्याच्याशी बोलू नका, शेजारी बसू नका. त्याला बळजबरी म्हणत नाहीत. मात्र हे करायचं समाजानं. आणि समाज…" त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "समाज सहसा करत नाही."

आम्ही जिना उतरू लागलो. मुलगी म्हणाली, "माझ्या लग्नात एक तरी चूक करायची होतीत, बाबा. तेवढंही जमलं नाही तुम्हाला." आणि ती चक्क हसली. तिच्या रडण्याची माझी तयारी होती, हसण्याची नव्हती.

आता समाजाविषयी.

आमच्या प्रार्थनागृहात शनिवारी सकाळी सामुदायिक प्रार्थना होते. ती सुरू व्हायला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तर मुख्य प्रार्थना होत नाहीत, धर्मग्रंथाची गुंडाळी कपाटातून बाहेर येत नाही. आमच्या गावात असे पुरुष नेमके दहा उरले आहेत. दहांत मी आहे, आणि दहांत जावईही आहे. त्याचा आवाज चांगला आहे, म्हणून धर्मग्रंथ वाचायला बहुधा त्यालाच बोलावतात. पडद्याआड बायका असतात, चौदा. त्यांतल्या निम्म्यांना सगळी प्रार्थना पाठ आहे. त्या मोजल्या जात नाहीत.

प्रार्थनागृहाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांना आम्ही किल्लीवालेच म्हणतो. पेशाने शिंपी, कारभारी, हिशेबनीस आणि भांडणे मिटवणारे, सर्व काही तेच. माणसांना अंकांनी मोजू नये असा आमच्यात संकेत आहे, म्हणून ते दहा शब्दांचे एक स्तोत्रवचन म्हणत एकेकाकडे बोट करतात. शेवटच्या शब्दाला दहावा माणूस मिळाला की प्रार्थना सुरू.

शहरातून परतल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी सर्वांशी आधी बोललो. सांगितले, धर्मपंचांचे असे मत आहे. आपण याला वाचायला बोलावू नये, याच्याशी बोलू नये, म्हणजे हा वठणीवर येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. दंतवैद्य म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं." बेकरीवाले म्हणाले, "पोरीचं वाईट वाटतं हो." मग जावई आला आणि सगळ्यांनी त्याला नमस्कार केला. किल्लीवाल्यांनी तर त्याला वाचायचा भाग काढून दिला.

किल्लीवाले मोजू लागले. दहावा शब्द माझ्यावर येणार, त्याच्या आत मी उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिलो.

"अहो, आत या," किल्लीवाले म्हणाले. "शब्द अर्धा राहिला."

"राहू द्या. तो जिथं मोजला जाईल, तिथं मी मोजला जाणार नाही."

"काय लहान मुलासारखं करताय!"

"लहान मुलालाही मोजत नाहीत ना? मग झालं तर."

त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. असे पाच शनिवार गेले. मी दर वेळी वेळेवर जात असे, उंबऱ्याबाहेर उभा राहत असे. जावई निवांत होता. एकदा जाता जाता म्हणाला, "बरंय, तुमच्या कृपेनं दुकानाचा कंटाळा घालवायला सबंध सकाळ मिळते."

आणि समाज चिडला. माझ्यावर. तीन वर्षे एका बाईचे आयुष्य अडकून पडले तेव्हा ज्यांना फक्त वाईट वाटले होते, त्यांना आता संताप आला. किल्लीवाले माझ्या घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुम्ही नऊ माणसांना वेठीला धरलंय."

माझी बायको चहा ठेवायला उठली होती, ती तशीच परत फिरली. "भावजी, तीन वर्षांत माझ्या लेकीसाठी या घराची पायरी किती वेळा चढलात?"

"वहिनी, तो नवरा-बायकोचा खाजगी प्रश्न होता."

"आणि हा नाही का? आम्ही चौदाजणी पडद्याआड ताटकळतो. एक माणूस कमी पडतोय ना? आमच्यातली एक घ्या की मोजून."

"असं कसं चालेल?"

"नाही ना चालत? मग चहाही नाही चालायचा आज."

किल्लीवाले उठून गेले. मला वाटते, त्या घटकेला माझ्या बायकोइतकी रोखठोक धर्मचर्चा गावात कुणी केली नसेल.

सहाव्या आठवड्यात विहीणबाई वारल्या, म्हणजे जावयाची आई. ती बाई निर्मळ होती. लेकाने दुसरे घर केले तेव्हा ती एकटी आमच्याकडे चालत आली होती, माझ्या मुलीचा हात हातात घेऊन बसली होती आणि "माझं चुकलं गं, मी त्याला वाढवला," एवढेच म्हणाली होती. तिला मुलगी नव्हती.

मृताच्या नावाने जी प्रार्थना मुलगा म्हणतो तिला कद्दिश म्हणतात. आईवडिलांसाठी ती अकरा महिने म्हणायची असते, आणि दहा पुरुष हजर असतील तरच म्हणता येते. बातमी कळताच ही गोष्ट आमच्या तिघांच्याही लक्षात आली.

बायको म्हणाली, "मेलेल्या बाईवर सूड नको."

मुलगी म्हणाली, "सूड नाही आई. बाबा, तुम्ही मातीला जा. आईंसाठी. तिथं दहावे उभे राहा. त्यानंतर मी सांगेपर्यंत आत पाऊल टाकू नका."

मी दफनाला गेलो. दहावा उभा राहिलो. जावयाने कबरीपाशी कद्दिश म्हटले तेव्हा त्याचा आवाज फाटला, आणि मी मनापासून 'आमेन' म्हणालो. स्त्रियांच्या रांगेत माझी मुलगी सर्वांपेक्षा जास्त रडली.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा उंबऱ्याबाहेर. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने बाहेरगावचा एक आतेभाऊ आणला. शब्बाथला वाहनाने प्रवास वर्ज्य, म्हणून त्या बिचाऱ्याला शुक्रवारी दुपारीच येऊन मुक्काम करावा लागला. पुन्हा तो आला नाही. त्यानंतरच्या सोमवारी जावई माझ्या खोलीत आला.

माझ्या खोलीत तापमान वीस अंशांवर ठेवावे लागते, नाहीतर मापांचे ठोकळे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने फुगतात. तो दार उघडे टाकून आत आला.

"दार लाव," मी म्हणालो.

त्याने लावले. "बाबा…"

"बाबा म्हणायचं संपलं तीन वर्षांपूर्वी."

"कसं संपलं? शास्त्राप्रमाणे मी अजून तुमचा जावईच आहे."

मी हातातला मायक्रोमीटर खाली ठेवला, कारण ते यंत्र गिऱ्हाइकाचे होते.

"शनिवारी आत या," तो म्हणाला. "माझ्यासाठी नको. आईसाठी."

"तुझ्या आईच्या मातीला मी आलो होतो. धर्मपंचांकडे जायची तारीख सांग."

"ही बळजबरी आहे."

"नाही. मी काही करत नाहीये. मी फक्त येत नाहीये."

तो खिडकीपाशी गेला. "तिनं कोर्टात माझी अब्रू काढली. सगळ्यांसमोर, एकेक गोष्ट, तारखेसकट वाचून दाखवली. तुम्हीच यादी करून दिली असणार."

"यादी मीच केली. तीत एक तरी खोटं होतं?"

"खोटं नव्हतं म्हणूनच तर…" तो थांबला. "लोक अजून दुकानात येतात आणि माझ्याकडे तसे बघतात."

"म्हणून तिनं म्हातारं व्हायचं? तुझ्याकडे लोक तसे बघतात म्हणून?"

"माझी आई तिकडे वाट बघत असेल," तो एकदम म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

मला वाटले. वाटले नाही असे मी लिहिणार नाही. पण मला हेही दिसत होते की एखादी गोष्ट हक्काची असून दुसऱ्याच्या मर्जीवाचून मिळत नाही, म्हणजे काय होते, हे या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळत होते, आणि तेही पुरते दोन आठवडेच.

"वाटतं," मी म्हणालो. "तू चिठ्ठी दे. अकरा महिन्यांतला एकही शनिवार मी चुकवणार नाही."

"नक्की?"

"तू मला विचारतोस, नक्की?"

त्याने नाक पुसले. गुरुवारची तारीख ठरली. जाताना त्याने दार पुन्हा उघडे टाकले.

गुरुवारी पुन्हा तीच दुसऱ्या मजल्यावरची खोली. लेखनिकाने चर्मपत्र, पिसाची लेखणी आणि शाई जावयाच्या हातात ठेवून त्याला भेट दिली, म्हणजे चिठ्ठी त्याच्याच साहित्याची झाली. मग जावयाच्या हुकुमाने लेखनिक लिहायला बसला. बारा ओळी. दोन तास. साक्षीदार दोघे, पुरुष. मी त्यांच्या नात्यागोत्याची चौकशी केली नाही.

पंचांनी जावयाला विचारले, "स्वखुशीनं देतोस? कुणी भाग पाडलं?"

त्याने वळून माझ्याकडे पाहिले. तीन वर्षे, दोन खटले, विहीणबाईंची कबर, एवढे सगळे झाल्यावरही माझ्या मुलीचे उरलेले आयुष्य या माणसाच्या जिभेच्या टोकावर टेकलेले होते. तो "हो, भाग पाडलं" म्हणाला असता तर सगळे पुन्हा शून्यावर. आणि त्याला ते माहीत होते. तो त्या क्षणाची चव घेत होता, हे मला स्पष्ट दिसले. माझ्या वयाच्या माणसाने जे करायला नको, ते सर्व करण्याची इच्छा मला झाली.

"नाही," तो म्हणाला. "स्वखुशीनं."

मुलीला हातातले सर्व काढायला सांगितले. तिने घड्याळ काढून मला दिले. दोन्ही हातांची ओंजळ करून तिने पुढे धरली. बोटे मिटायची नाहीत, पकडायला पुढे व्हायचे नाही. तो टाकेल तेव्हा घ्यायचे. त्याने घडी केलेली चिठ्ठी वरून टाकली आणि पंचांच्या मागोमाग म्हटले की आजपासून तू कुणाही पुरुषाला मोकळी आहेस. तिने ती काखेत धरून खोलीत काही पावले टाकली, परत आणून दिली. ती पुन्हा वापरता येऊ नये म्हणून पंचांनी चिठ्ठीला चिरा दिल्या. जावई कोट उचलून निघूनही गेला.

मुलीला दाखला मिळाला. ती वाचत असताना वृद्ध पंच म्हणाले, "पुढचं लग्न ब्याण्णव दिवसांनी करता येईल."

"का?" तिने विचारले.

"दिवस गेलेले असले तर मूल कुणाचं, याबद्दल घोटाळा होऊ नये."

"मी त्याच्या घरातून निघाले त्याला तीन वर्षं झाली."

"माहीत आहे मला."

"मी रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करते. ही तपासणी मी दिवसाला वीस बायकांची करते. तासाभरात सांगता येतं. आत्ता खाली जाऊन करून आणू?"

"नियम तपासणी बघत नाही, मुली. नियम सगळ्यांना सारखा."

मला राहवले नाही. "त्यालाही ब्याण्णव दिवस?"

पंच म्हणाले, "त्याला नाही."

"म्हणजे सगळ्या बायकांना सारखा."

मोजायचे साधन टेबलावर असताना त्याच्याकडे पाठ करून अंदाजाने निकाल देणे, याला आमच्या कारखान्यात गुन्हा म्हणत. मी ते तसेच बोललो, आणि आवाज चढवून बोललो. धाकट्या पंचाने मला पाणी दिले. मी प्यायलो नाही. मुलीने माझ्या हातातून तिचे घड्याळ घेतले आणि मला कोपराला धरून बाहेर काढले.

शनिवारी मी दिलेला शब्द पाळला. किल्लीवाल्यांनी मोजले, दहाव्या शब्दाला मी उंबऱ्याच्या आत होतो. ते समाधानाने म्हणाले, "बघा, सगळं कसं गोडीनं मिटलं."

जावई कद्दिश म्हणायला उभा राहिला. पहिली ओळ त्याने चांगल्या आवाजात म्हटली. दुसऱ्या ओळीला पडद्याआडून आणखी एक आवाज सुरू झाला. तो माझ्या मुलीचा होता. ती मोठ्याने, स्पष्ट, आपल्या गतीने म्हणत होती. त्याच्यापेक्षा अर्ध्या शब्दाने मागे. विहीणबाईंसाठी. बायकांनी कद्दिश म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही.

जावई थांबला. ती थांबली नाही.

किल्लीवाले माझ्या कानाशी आले. "तुमची मुलगी आहे. सांगा तिला."

"मी कोण सांगणार?" मी म्हणालो. "आणि तिचा नवराही राहिला नाही आता, सांगायला. दाखला बघायचाय का?"

ते पडद्याकडे दोन पावले गेले. पलीकडे माझी बायको होती, हे त्यांना आठवले असावे. ते परत आले. जावयाने मान खाली घालून तिच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, पण आता तिच्या गतीने म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते, कारण ती पुढे गेली होती.

शेवटी नऊ पुरुष माझ्याकडे पाहू लागले, कारण 'आमेन' त्याचे संपल्यावर म्हणायचे की तिचे, हे कुणालाच उमगत नव्हते. तिची शेवटची ओळ पुरी होईपर्यंत मी थांबलो, आणि मग म्हणालो.